डब्यातली सात बटणं

निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं आणि घरातल्या सगळ्यांनी कटिंगच्या टेबलाभोवती जमायचं, ही टेलर मास्तरांनी घालून दिलेली रीत. प्रत्येकाने एक बटण मुठीत झाकून आणायचं आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचं. एका उमेदवाराला पांढरं, दुसऱ्याला काळं. मग मास्तर पाठ फिरवून डब्यात बघायचे आणि जाहीर करायचे, "पांढरं." किंवा, "काळं." विषय संपला. दुसऱ्या दिवशी घरातली झाडून सगळी मतं एकगठ्ठा तिकडे. "घरात काय ते भांडून घ्या," असं ते म्हणायचे, "बाहेर शिवण उसवलेली दिसता कामा नये." तीस वर्षं ही शिवण टिकली. उमेदवारांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे या दुकानात मत मागायला येणारा माणूस निदान एक शर्ट तरी शिवायला टाकून जायचा.

आता मास्तरांना जाऊन दहा महिने झाले होते आणि डबा आईच्या मांडीवर होता.

सव्वातीन झाले तरी धाकट्या भाऊचा पत्ता नव्हता. मोठीने चौथ्यांदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. दादा टेबलावरचा खडू उचलून ठेवत होता, ठेवून उचलत होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, खडूची ही उचलठेव म्हणजे काय ते तिला कळत होतं. दादाने शब्द देऊन टाकला होता. डबा उघडायच्या आधीच, सगळ्या घराच्या वतीने.

"चष्मेवाल्यांना काय सांगून आलात?" तिने हळूच विचारलं.

"काय सांगणार? मतं आमची पक्की आहेत, एवढंच."

"किती मतं?"

"सात," दादा म्हणाला. "घरात सात आहेत ना? का मोजायला चुकलो?"

चष्मेवाले म्हणजे वॉर्डाचे आत्ताचे सदस्य. शाळेच्या समितीवरही तेच. त्यांनी सतराशे गणवेशांची ऑर्डर दादापुढे धरली होती. अजून हातात दिली नव्हती, नुसती धरली होती. त्यांच्याविरुद्ध उभा होता तो जवळच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर. चष्मेवाल्यांना दवाखाना इथून उचलून बायपासच्या पलीकडे नव्या इमारतीत न्यायचा होता आणि इथल्या जागेवर गाळे काढायचे होते. कंपाउंडर म्हणत होता, दवाखाना इथून हलू देणार नाही. वॉर्डातल्या निवडणुकीत मुद्दा एवढाच, आणि त्यावरून गेले महिनाभर गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

शटरखालून वाकून भाऊ आत आला. मागोमाग त्याची बायको, धाकटी. भाऊने दुकान सोडून बस डेपोत मेकॅनिकची नोकरी धरली त्याला दोन वर्षं झाली होती, पण दुकानात शिरताना तो अजूनही पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघायचा आणि दादाला त्याचा संताप यायचा.

"तीन म्हणजे तीन," दादा म्हणाला. "बाबा असते तर तुझं बटण घेतलंच नसतं."

"बाबा असते तर मी वेळेवर आलो असतो," भाऊ म्हणाला.

"झालं सुरू!" आई म्हणाली. "अरे, बसा की आधी. वन्सं, तुम्हाला उजेड पुरतोय ना?"

आत्या खिडकीशी तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसून काज करत होती. मास्तरांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नव्हतं. हे दुकान उभं राहिल्यापासूनची सगळी काजं तिच्या हातची. डावा पाय समोरच्या खोक्यावर ठेवलेला, पट्टी घोट्यापासून पोटरीपर्यंत. तिने मान हलवली आणि दोरा दातांनी तोडला.

"आधी दोन शब्द बोलतो," दादा म्हणाला.

"दोनच बोल," भाऊ म्हणाला.

"सतराशे गणवेश. सतराशे! दोन वर्षं दुकानाला मागे बघावं लागणार नाही. दवाखान्याचं काय घेऊन बसलेत सगळे? तिकडे नेला तर चांगली नवी इमारत होईल. लिफ्ट असेल. आणि आपल्या घरात आहे कोण आजारी?"

खिडकीशी सुई कापडात शिरली, बाहेर आली. गंमत म्हणजे खोक्यावरची पट्टी कुणाच्या लक्षातही आली नाही.

"मी दोन्ही पत्रकं वाचलीत," चिंगी म्हणाली. दादाची मुलगी. हिचं हे पहिलंच मत, त्यामुळे आठवडाभर घरात तिच्यापुढे कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. "दोनदा वाचलीत. चष्मेवाल्यांच्या पत्रकात आकडाच नाही एकही. तुमच्यापैकी कुणी वाचलंय?"

"पत्रक वाचून मत देतात का कुठं?" आई म्हणाली. "माणूस बघून देतात. हे गेले तेव्हा चष्मेवाले घरी आले, खाली सतरंजीवर बसले. खुर्ची दिली तरी घेतली नाही. तासभर बसले."

"आजी, ते सगळ्यांकडेच बसतात. त्यांचं कामच ते."

"कंपाउंडर कुठं बसला मग?"

"कंपाउंडर बाबांना इंजेक्शन द्यायला सहा महिने रोज येत होता," भाऊ म्हणाला.

"उभ्या उभ्या यायचा," आई म्हणाली.

"आणि हे बघा," चिंगी पुन्हा म्हणाली, "मला ही रीतच पटत नाही. सहा जणांनी एक म्हटलं म्हणून सातव्याने आपलं मत का बदलायचं? मत काय कॉलर आहे, सगळ्यांची एकाच मापाची?"

"ऐक, तुझ्या वयाची असताना मीही—" मोठी म्हणू लागली.

"तू माझ्या वयाची असताना आजोबांनी सांगितलं तिकडे दिलंस, आई. तूच सांगितलंयस मला."

मुलगी हुशार निघावी म्हणून मोठीने नवस केले होते, आता त्या हुशारीला कुठं ठेवायचं असा प्रश्न.

बटणं पडू लागली, चष्मेवाल्यांना पांढरं, कंपाउंडरला काळं. आईने डबा पुढे केला की एकेक जण येऊन मूठ आत घालायचा आणि टक्कन आवाज व्हायचा. आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, मास्तर बघायचे तसं, पण तिला त्यातून काही कळत नव्हतं. शेवटी आत्याकडे तीच उठून गेली, आणि मग स्वतःचं बटण टाकून तिने झाकण लावलं.

झाकण लावल्यावर मात्र तिला भीती वाटली. हे पाठ फिरवायचे. तिला पाठ फिरवून उभं राहता येईना. मोजण्यात चूक झाली तर दादा म्हणेल मुद्दाम केली, दादाच्या बाजूने आलं तर भाऊ म्हणेल मुद्दाम केली. दोन्ही पोरं पोटची आणि दोघांचा विश्वास नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

"तूच मोज ग बाई," ती चिंगीला म्हणाली. "तू पत्रकं वाचलीस ना?"

आणि चिंगीने कुणाला काही कळायच्या आत डबा टेबलावर उपडा केला.

"अगं!" आत्या ओरडली. दिवसभरातला तिचा पहिला शब्द. पण बटणं टेबलावर घरंगळून थांबली होती. सात होती. चार पांढरी, तीन काळी.

"पांढरं!" दादा म्हणाला आणि त्याने खडू खाली ठेवला.

पण दादाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बटणांकडे बघत होते. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या ध्यानात आलं की आपण शिंप्याच्या घरातले आहोत. दुसऱ्या कुठल्या घरात बटण म्हणजे बटण. इथं बटण म्हणजे सही. तीस वर्षं हे घर गुप्त मतदान करत होतं, आणि तेही कशाने, तर ज्या एका वस्तूत इथल्या कुणालाही कधी चकवता येणार नाही तिने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ आज पोरीने उघडली होती.

"हे माझं," दादा म्हणाला. चार भोकांचं शर्टाचं बटण, त्याच्या टेबलाच्या खणातलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. "आणि हे..." त्याने दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि तो थांबला. ते मोठं, काळं, कोटाचं बटण होतं. कोटाची बटणं ज्या खणात असतात त्याची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला होती.

त्याने बायकोकडे पाहिलं.

"काय बघता?" मोठी म्हणाली. "सतराशे गणवेश! शिवणार कोण? तुम्ही कापणार, फळीवर ठेवणार आणि चष्मेवाल्यांबरोबर चहाला जाणार. सतराशे शर्टांच्या दुमडी कुणाच्या माथी? विचारलंत मला? एकदा तरी? घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा!"

"अगं, दोन माणसं ठेवू..."

"आजवर ठेवलीत?"

भाऊला हसू आवरेना. तो खूश होता. दादाच्या घरातच भगदाड पडलं होतं. त्याचं स्वतःचं काळं बटण टेबलाच्या मधोमध पडलं होतं, दोऱ्याचा तुकडा तसाच, डेपोच्या ग्रीसचा डाग तसाच. वर्दीवरूनच ओढून आणलेलं. तिसरं काळं चिंगीचं, तिच्या जाकिटाचं. जाकिटाला आता ते नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं. म्हणजे हिशेबाने—

त्याने पांढरी बटणं पाहिली आणि हसू थांबलं. त्यातलं एक शिंपल्याचं होतं. इवलंसं, फ्रॉकचं.

"हे आपल्या पिंकीच्या फ्रॉकचं," तो धाकटीला म्हणाला. "तू पांढरं टाकलंस?"

"हळू बोला."

"काल रात्री जेवताना काय म्हणालीस? कंपाउंडरच बरा म्हणालीस ना?"

"जेवताना म्हणाले. तुम्ही दुसरं काही ऐकून घेता का?" धाकटी शाळेच्या कचेरीत कारकून होती. "बदलीचा कागद समितीपुढे आहे. समितीवर कोण आहे ते माहीत नाही का तुम्हाला? मला रोज लांबच्या शाळेत जायला पाठवलं तर दोन्ही वेळचं घर तुम्ही बघणार?"

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही तरी कंपाउंडरला का देताय ते सांगा. दवाखान्यासाठी?"

भाऊ आपल्या बटणावरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडू लागला.

"सांग की," दादा म्हणाला.

"तू पांढरं म्हणालास म्हणून," भाऊ म्हणाला. "बस? तू काळं म्हणाला असतास तर मी पांढरं टाकलं असतं. लहानपणापासून तू आधी निवडतोस आणि उरलेलं माझं. मत तरी माझं मी निवडीन."

"हे निवडणं झालं?" चिंगी कपाळावर हात मारून म्हणाली. "काका, हे निवडणं झालं? एक बटण सतराशे दुमडींसाठी, एक बदलीसाठी, एक सतरंजीसाठी, एक भावाच्या नाकावर टिच्चून! दवाखान्यासाठी एक तरी आहे का यात?"

"आहे ना," मोठी म्हणाली. "तुझं. सांग मग, दवाखान्यात आठवड्यात किती माणसं येतात? मलमपट्टीला किती वाजेपर्यंत घेतात?"

चिंगीला पत्रकातलं आठवेना. पत्रकात ते नव्हतंच.

आई एक बटण हातात घेऊन बसली होती. पांढरं, कडेला थोडं पिवळं पडलेलं. मास्तरांच्या शेवटच्या शर्टाचं. ते तिचंच होतं. "मला वाटलं, यांनाच विचारल्यासारखं होईल," ती कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाली. "यांना कळत असेल का रे, कुणाचं कुठलं?"

"न कळायला काय झालं?" खिडकीतून आत्या म्हणाली. "पहिल्या वर्षापासून कळत होतं त्याला. म्हणून तर पाठ फिरवायचा. बघितलं की तोंडावर दिसलं असतं ना. मी कितीदा म्हटलं, अरे, एकसारखी बटणं दे वाटून सगळ्यांना. तर म्हणाला, मग मला कसं कळणार कोण कशाने कावलंय ते?"

दादाला आठवलं, एका निवडणुकीनंतर बाबांनी काही न बोलता त्याला नवी कात्री आणून दिली होती. त्या वेळी डब्यात त्याचं बटण हरलं होतं. त्याला वाटलं होतं, योगायोग.

मग त्याची नजर चौथ्या पांढऱ्या बटणावर गेली. कापडात मढवलेलं बटण, कडेला टाके इतके बारीक की दिसू नयेत. असं बटण या घरात एकच माणूस करत होतं.

"आत्या," तो म्हणाला, आणि खरं म्हणजे त्याला बरं वाटलं होतं. "आत्या, तू माझ्या बाजूने?"

"तुझ्या कसल्या बाजूने!" आत्या म्हणाली.

"मग ऑर्डरसाठी?"

"तुझ्या सतराशे गणवेशांना काजं कोण करणार? मीच ना? मला काय हौस आहे?"

"पण आत्याआजी, पांढरं म्हणजे दवाखाना जाणार," चिंगी म्हणाली. "बायपासच्या पलीकडे. तू तर तिथंच जातेस ना पट्टी बदलायला?"

"एक दिवसाआड. दीड वर्षं झालं." आत्याने सुई सुयांच्या छोट्या गादीत खोचली. "जवळ आहे ना दवाखाना. इथंच तर आहे, तीन गल्ल्यांवर. म्हणून मी एकटी जाते. कुणाला यावं लागत नाही, कुणाला विचारावंही लागत नाही. सकाळी मी चपला घालते तेव्हा दादा कापत असतो, मोठी मापं घेत असते, वहिनींचा डोळा लागलेला असतो. तू भाऊ, तू तर त्याच रस्त्याने डेपोत जातोस."

"मला हाक मारायचीस..."

"दवाखाना बायपासच्या पलीकडे गेला की दोन बस बदलून जावं लागेल. या पायाने मला दोन बस जमायच्या नाहीत. मग कुणीतरी सोबत यावंच लागेल." ती थांबली. "म्हणून पांढरं टाकलं. झालं समाधान? आता उचला ती बटणं, खणात जातील तिथं घाला."

मग सगळे एकदम बोलले.

"आत्या, मी येत जाईन, डेपोच्या आधी—"

"सोमवारी मी येईन, शनिवारी हे—"

"अगं, बोलायचं नाहीस का आधी? आम्ही काय परके आहोत?"

दादाने खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर सरळ रेघा मारून तक्ता आखला. उद्यापासून कोण कधी जाणार. तक्त्यावरून पाचच मिनिटांत भांडण लागलं. भाऊला उद्याचं हवं होतं कारण उद्या सुट्टी. धाकटीचं म्हणणं, सुट्टीचा दिवस पकडून मोठेपणा कशाला. मोठी म्हणाली, दर खेपेला माझंच नाव कसं दोनदा येतं.

"पुरे!" आत्या इतक्या जोरात म्हणाली की स्टूल कुरकुरलं. "निवडणुकीच्या आदल्या दिवशी आश्वासनं कोण देत नाही रे? चष्मेवाल्यांनीही दिलीत. त्यांची तर छापील आहेत."

आईने डबा उचलला आणि मास्तरांच्या फोटोखालच्या फळीवर रिकामाच ठेवला. "उद्या ज्याने त्याने आपलं मत द्यावं," ती म्हणाली. "मला नाही जमायचं पाठ फिरवणं."

"आई, मी सात सांगून बसलोय!" दादा म्हणाला.

"मग एक म्हणून सांग जाऊन. तुझं तेवढंच होतं."

सकाळी शाळेच्या आवारात रांग नऊलाच फाटकाबाहेर गेली होती. घरातले सातही जण एकापाठोपाठ एक उभे होते, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं, काय एकी आहे. मोठी दादाशी बोलत नव्हती. भाऊ धाकटीशी बोलत नव्हता. चिंगी वर्गातल्या मुलींकडे बघून हात हलवत होती. फाटकाशी उभ्या चष्मेवाल्यांनी दादाकडे बघून सात बोटं दाखवली आणि हसले. दादाही कसाबसा हसला.

रांग हलत नव्हती. आत्या एका पायावर भार देऊन उभी होती. दादाने तिला दोनदा चुळबुळताना पाहिलं, तिसऱ्यांदा ती घड्याळाकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. मलमपट्टी अकराला बंद होते."

त्याने मागे पाहिलं. तक्त्यावर आजच्या दिवसापुढे भाऊचं नाव होतं. भाऊ पुढच्या माणसाशी रांगेवरून हुज्जत घालत होता, धाकटी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तक्ता रात्रीच एका कापडाखाली गेला होता आणि कापड उचललं तेव्हा अर्धा पुसला होता. कुणाला आठवण नव्हती. त्यालाही आता, ती बोलल्यावर झाली, आणि त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने तो आवाजात काढला.

"मग चल ना! इथं काय उभी राहिलीस? मतदान पाचपर्यंत आहे."

"तुझा नंबर जाईल."

"जाऊ दे गेला तर!"

दवाखान्याला त्याला एकट्याला चार मिनिटं लागायची. परवाच तो कुणाला तरी म्हणाला होता, चार मिनिटांवर तर आहे. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी आत्या टपालपेटीवर हात टेकून थांबली. तो पुढे गेला होता, परत आला. मग सायकलवाल्याच्या दुकानाशी ती पुन्हा थांबली, आणि सायकलवाल्याने न बोलता आतून स्टूल आणून ठेवलं. रोजचंच असल्यासारखं.

"आज पाच मिनिटं उशीर, काकू," तो म्हणाला. आणि दादाकडे बघून, "हे कोण?"

वीस वर्षं दादा या गल्लीतून जात होता. सायकलवाल्याच्या दोन्ही मुलांच्या पॅन्टी त्याने शिवल्या होत्या. पण आत्याबरोबर त्याला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सायकलवाल्याला ओळखच लागत नव्हती.

तिसऱ्यांदा ती लाकडी कुंपणाला धरून उभी राहिली. दादाला घाई झाली होती आणि घाई झाल्याची लाज वाटत होती. त्याने हात पुढे केला. तिने जरा वेळ हाताकडे बघितलं, मग धरला. पोचले तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं.

दवाखान्यात नर्सने वही उघडली आणि मान वर न करता लिहू लागली. नाव, पाय, वेळ. शेवटच्या रकान्यात तिने सवयीने आडवी रेघ ओढायला पेन टेकवलं.

"रेघ नका मारू," आत्या म्हणाली. "आज आहे."

"कोण आहे?"

"भाचा."

नर्सने मान वर केली. दादाने पान पाहिलं. वर छापलं होतं, 'सोबत'. त्याखाली आत्याच्या नावापुढे रेघा. नर्सने पान उलटलं तेव्हा आधीच्या पानावरही रेघा. इतर लोकांपुढे मुलगा, सून, शेजारी, काय काय लिहिलेलं होतं. नर्सने सावकाश 'भाचा' लिहिलं आणि पट्टी सोडायला घेतली. दादाने जखम पहिल्यांदाच बघितली. एवढी मोठी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने नजर वळवली नाही, पण मनात मात्र सतराशे वेळा स्वतःला शिव्या घातल्या.

परत येताना सायकलवाल्याच्या स्टुलावर आत्या पुन्हा बसली. शाळेकडून गोंगाट ऐकू येत होता.

"आता कुणाला देणार?" दादाने विचारलं. विचारू नये असं त्याने ठरवलं होतं, पण राहवलं नाही. मग घाईघाईने म्हणाला, "कुणालाही दे. मी ऑर्डरसाठी विचारत नाही. मी परवा येणार आहे, तेवढ्यासाठी म्हणतोय. दवाखाना इथं राहिला काय आणि तिकडे गेला काय, मी येणार आहे. ते धरून तू ठरव."

"काल सहा जण येणार होते," आत्या म्हणाली. ती स्टुलावरून उठायला लागली आणि या वेळी हात तिने आपणहून मागितला. "मी तुझ्यासारखी आधी शब्द देत नाही. थांब जरा, बघू दे."

"अगं, बघू दे काय? निवडणूक आज आहे, आत्या."

"तुमची आज आहे," ती म्हणाली. "माझी परवा."